बिनकामाच्या मोटारी

आमच्या सेलूच्या घरात दोन जातींचे आवाज होते, एक कामाचे आणि दुसरे बिनकामाचे. ही वाटणी माझ्या मायनं केली होती आणि तिच्या राज्यात तिच्या निकालावर अपील नव्हतं. ओसरीवर खिडकीजवळ तिचं शिलाई मशीन असे. तिचे पाय पायडलवर पडले की खटखटखट सुरू होई, मध्येच थांबे, कात्रीची कर्र ऐकू येई, दात दोरा तोडत आणि पुन्हा खटखटखट. मशीनचा हा आवाज, भाकरी थापल्याचा, येसराच्या आमटीला फोडणी बसल्याचा, हे सगळे कामाचे. बिनकामाचे आवाज वरून यायचे. आमच्या माळवदावर पत्र्याची एक खोली होती. अंगणातून लाकडी शिडीनं वर जायचं. तिथं माझे आप्पा आणि त्यांचे दोन दोस्त बॅटरीवर फिरणाऱ्या मोटारी घरच्या घरी बनवत असत. मोटार म्हणजे गाडी नव्हे हं. पंख्यात असते ती, जी नुसती फिरते ती. आमच्या मोटारी तर शब्दशः नुसत्या फिरत. त्यांना पातं नव्हतं, चाक नव्हतं, काही नव्हतं. भुंग्यासारखं गुणगुणत त्या जागच्या जागी फिरायच्या आणि तीन प्रौढ पुरुष त्यांच्याभोवती उकिडवे बसून, देवाचं दर्शन घ्यावं तसे त्यांच्याकडे बघत राहायचे. चौथी मी. तेव्हा मला दोन वेण्या होत्या आणि दोन्हींना मशीनच्या तेलाचा वास यायचा.

आप्पा एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला होते. दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या गाड्या लागल्या की त्यांना जेवायला फुरसत नसे, पण उन्हाळा सरला आणि जिनिंग थंड पडली की त्यांच्या हाताला खाज सुटे. मुनीरचाचांचं स्टेशनकडे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुरुस्त न होणाऱ्या प्रत्येक वस्तूचं पोट फाडून ते चुंबकं आमच्याकडे आणत. तिसरे साळवे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे, बोलायचे तोलूनमापून, आणि मोटार फिरली की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचे. फुटक्या भोंग्याचं चुंबक, सायकलच्या आऱ्याचा दांडा, तांब्याच्या नळीचे उभे चिरलेले तुकडे, आणि मेलेल्या बॅटरी सेलच्या पोटातली कोळशाची काडी. एवढ्या उकिरड्यातून काहीतरी जुळायचं, तारेची दोन टोकं बॅटरीला लागायची, आणि जे आतापर्यंत भंगार होतं ते अंग झाडून उठायचं. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, पुष्कळ काही पाहिलं आहे, विमानातसुद्धा बसले आहे. पण मेलेलं भंगार उठून फिरायला लागतं त्या क्षणाची सर विमानाला नाही. विमान उडणार हे तिकिटावरच लिहिलेलं असतं.

वेटोळी घालायचं काम माझं होतं. लाखेचा मुलामा असलेली बारीक तार, एकाला एक चिकटून, न तुटता गुंडाळायची. हातानं गुंडाळायचा कंटाळा आला की मी आणि आप्पा एक चोरी करायचो. मायच्या मशीनला बॉबिन भरायची छोटी चकती असते ना, माय विहिरीवर गेली की तिच्यावर आम्ही तांब्याची तार भरायचो. फार सुबक भरायची. एकदा मायनं बॉबिन काढली आणि दोऱ्याऐवजी तिच्या बोटाला तांबं लागलं. ती थेट शिडीखाली येऊन उभी राहिली.

“अहो मंगीचे आप्पा! माझ्या मशीनवर तांबं कोन गुंडाळलं?”

वर आम्ही चौघं श्वास रोखून. शेवटी साळवे सरांनी डोकं बाहेर काढलं. “वहिनी, विज्ञानासाठी थोडा त्याग...”

“ते असू द्या सर. तुमची ती मोटार फिरती, मला ऐकू यायलंय. पन करती काय?”

“वहिनी, चंद्रसुद्धा नुसता फिरतोच की. तो काय करतो?”

“चंद्र माझ्या मशीनवर तांबं न्हाई गुंडाळत,” माय म्हणाली आणि निघून गेली. मुनीरचाचा हसता हसता पालथे पडले. “सर, भाभी ने चाँद को भी नीचे उतार दी जी!”

पण खरी फाळणी झाली ती खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या गावात सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात, आणि एकदा कुंकू लागलं की त्या दिवसापुरता हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते राबतं, एक दिवस त्याला सुट्टी. सुताराची करवत गप्प, जिनिंगचा काटा हार घालून गप्प, गिरणीचा पट्टा गप्प. मायनं पाटावर कात्री मांडली, मशीनला झेंडूची माळ घातली, टेपसुद्धा गुंडाळून ठेवला. आप्पा हळूच वरून आपल्या तीन-चार मोटारी घेऊन आले आणि कात्रीशेजारी मांडायला लागले. मायनं कुंकवाच्या करंड्यावर हात ठेवला.

“ह्ये उचला. ह्ये हत्यार न्हाई.”

“न्हाई कसं? फिरती की.”

“हत्यार काम करतंय. ज्याला कामच न्हाई त्याला सुट्टी कशाची?”

आप्पा पडलेल्या चेहऱ्यानं शिडी चढले. पण वर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उजळला होता. हत्यार नाही म्हणजे सुट्टी नाही, आणि सुट्टी नाही म्हणजे आज फिरवता येणार! तेव्हापासून खंडेनवमी ही आमची जत्रा झाली. अख्ख्या सेलूतली अवजारं कुंकू लावून निजलेली असायची आणि तेवढ्या शांततेत एकट्या आमच्या माळवदावर मोटारींचं भजन चालू असे. मुनीरचाचा इस्त्रीचा सदरा घालून येत. कुणाची मोटार जास्त वेळ फिरते, कुणाची जास्त गोड गाते, यावर भांडणं होत. आमच्या मंडळाचा नियमच झाला की मोटारीला कधी कामाला लावायचं नाही. ती फिरते, पुरे झालं.

तर अशी आमची सुखाची दुनिया चालली होती, आणि मग श्रावणात माय शिडीवरून पडली.

झालं असं की त्या दुपारी साळवे सरांची एक हट्टी मोटार, जी आषाढभर नुसती थरथरत होती, ती अचानक फिरली, आणि आम्ही चौघं असे ओरडलो की खाली मायला वाटलं कुणाला तरी करंट बसला. आम्हाला द्यायला तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा केलाच होता. ते घेऊनच ती तशीच शिडीवर चढली. एरवी ती खालूनच हाक मारायची, वर कधी यायची नाही. पावसानं पायऱ्या बुळबुळीत झाल्या होत्या. किटली आधी गेली, मग कप, मग माय. आम्ही धावत बाहेर आलो तेव्हा ती अंगणात बसलेली होती, उजवा पाय विचित्र वळलेला, केसांत मुरमुरे, आणि ती आमच्याकडे बघून म्हणाली, “चहा सांडला बगा.”

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर झालं. डॉक्टरांनी बजावलं की प्लॅस्टर निघालं तरी पायडल मारायचं नाव काढू नका, हा पाय आता बरेच महिने जपायचा. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मशीनवर कापड झाकलं. घरातला खटखट आवाज बंद झाला. तुम्हाला सांगते, आवाज बंद झाल्यावर कळतं की त्याच्या तालावर आपण जेवत होतो, अभ्यास करत होतो, झोपत होतो. आमची मांजरसुद्धा अस्वस्थ झाली होती, तिची झोपायची जागा पायडलच्या शेजारी असे.

मायची सेवा करायला सोनपेठहून सुंदरआत्या आली. आप्पांची धाकटी बहीण, आवाज असा की एसटीतून उतरली की स्टँडवरूनच आम्हाला कळावं. आत्यानं खरोखर जिवाचं रान केलं. मायला उचलून न्हाणीत नेलं, तिच्या वेण्या घातल्या, ज्वारीच्या पिठात कांदा घालून असे धपाटे केले की मुनीरचाचा दुकान सोडून यायला लागले. पण जाताना झाकलेल्या मशीनवर हात फिरवून ती म्हणाली, “वयनी, तुमचा पाय आता असा. मशीन नुसतं उंदरायला घर व्हायलंय. माज्या सुलीला शिवन शिकायचंय, लय मागं लागलीय. दसऱ्याला येते, तवा घेऊन जाते. काय दादा?”

आणि आप्पा म्हणाले, “बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो. मायला ते ठाऊक होतं. जिनं महिनाभर आपल्याला न्हाऊ-माखू घातलं तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? पण मशीन तिच्या माहेरचं होतं, बोरीहून बैलगाडीत तिच्या शेजारी बसून आलेलं. सासरी आली तेव्हा तिच्या ओळखीचं असं घरात तेवढं एकच होतं. आत्या गेली त्या संध्याकाळी मायनं मला जवळ बोलावलं, मशीनवरचं कापड काढायला लावलं आणि म्हणाली, “मंगे, तू हातानं चाक फिरव. मी शिवते. बगू जमतंय का.” मी फिरवलं. कधी जोरात, कधी हळू, मध्येच माझं लक्ष मांजरीकडे गेलं आणि चाक उलट फिरलं. दोऱ्याचा बोळा झाला, सुई मोडली आणि माझ्या पाठीत धपाटा बसला, ज्वारीचा नव्हे. माय स्वतः एका हातानं चाक फिरवून बघायला गेली, पण कापड सावरायला तिला दोन्ही हात लागत. तिनं मशीन पुन्हा झाकलं.

हे सगळं आप्पा दारात उभे राहून बघत होते. माणूस रोज ज्या वस्तूला वळसा घालून जातो ती त्यानं पहिल्यांदा पाहावी तसं त्यांनी त्या मशीनकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळ बोलावलं आणि जाहीर केलं की मायच्या मशीनसाठी मोटार करायची.

मुनीरचाचांनी छातीवर हात ठेवला. “या अल्ला! मोटर को नौकरी लगाते क्या आप्पासाब?”

“लावायची,” आप्पा म्हणाले. “दसऱ्याच्या आत.”

विकतची, घरच्या विजेवर चालणारी मोटार मिळते, हे आम्हाला माहीत होतं. पण आमच्याकडे वीज ही पाहुणीच होती, आली तर आली, आणि आली तरी बल्ब लाजत लाजत पेटे. बॅटरीचं बरं होतं. जिनिंगच्या ट्रॅक्टरची एक म्हातारी बॅटरी आप्पांनी मागून आणली, ती सायकलच्या कॅरिअरवर बांधून चार्जिंगला न्यायची नि आणायची. प्रश्न मोटारीचा होता. भोंग्याची चुंबकं असल्या कामाला म्हणजे बैलाच्या जागी बोकड. मग साळवे सरांनी सुचवलं की आयतं चुंबक घ्यायचंच नाही, तेही तारेचंच करायचं. लोखंडाला तार गुंडाळून वीज सोडली की लोखंड चुंबक होतं. म्हणजे बाहेरही वेटोळी, आत फिरणारीही वेटोळी, आणि वीज दोन्हींतून एकापाठोपाठ जाणार. बोअरच्या जाड पाइपाचा एक तुकडा झाला मोटारीचं शरीर. तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या चकत्या कापून आप्पांनी आतला गाभा रचला. तार मी गुंडाळली, दिवसच्या दिवस, आणि या खेपेला मशीनच्या बॉबिनच्या चकतीवर, कारण मायनंच परवानगी दिली. खाटेवर बसल्या बसल्या ती सांगे, “ढिली पडायली बग. ताण धर. दोरा असू दे की तांबं, ताण धरावा लागतोच.”

भाद्रपद सरता सरता मोटार उभी राहिली. आधी माळवदावर नुसती फिरवून बघायची ठरली. आप्पांनी तार लावली. मोटार गुरगुरली, निघाली, वेग धरला, आम्ही टाळ्या वाजवल्या. वेग वाढला. आम्ही आणखी टाळ्या वाजवल्या. वेग वाढतच गेला. गुणगुण होती तिची शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली, आतल्या वेटोळ्याला वीज पोचवणाऱ्या कोळशाच्या काड्यांतून निळ्या ठिणग्यांचं कडं फुललं आणि ती अवजड वस्तू फळीवरून आपल्या पायानं चालत माझ्याकडे यायला लागली. मुनीरचाचांनी झेप घेऊन तार उपटली. पत्र्यावर चिमण्या बसल्या होत्या त्या सगळ्या उडून गेल्या होत्या. माझ्या अंगावर काटा होता आणि तो भीतीचा नव्हता, किंवा निदान सगळा भीतीचा नव्हता. आमच्या हातून, तेलाच्या डब्यातून आणि बोअरच्या पाइपातून, काहीतरी आमच्यापेक्षा मोठं निघालं होतं.

“हिला काम पाहिजे,” साळवे सर अगदी हळू म्हणाले. “रिकामी आहे म्हणून पिसाळते आहे.”

आणि तसंच निघालं. खाली आणून मशीनशेजारी फळीवर बसवली, चामडी पट्टा मशीनच्या चाकावर चढवला, मायच्या डाव्या, धडक्या पायाखाली दारावरच्या घंटीचं बटण दिलं आणि मध्ये विजेच्या शेगडीच्या जळक्या स्प्रिंगचा तुकडा जोडला, वीज जरा अडावी म्हणून. मायनं बटण दाबलं. वजन पडताच ती राक्षसीण एकदम शहाणी झाली. संथ, जड, एकसारखी गुणगुण. खटखटखट! घरात आवाज परत आला. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

“थांबा,” माय म्हणाली. “दोऱ्याचा बोळा व्हायलाय.”

सगळे वाकले. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं होतं. मायनं पुन्हा दोरा ओवला, पुन्हा बटण दाबलं. सुई मोडली. मायनं चाकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. “अहो, चाक उलटं फिरायलंय. ते वरून माज्याकडं यायला पाहिजे. ह्ये तर माज्यापासून पळायलंय.”

आता बघा, एवढी वर्षं एवढ्या मोटारी केल्या, पण कोणती कोणत्या बाजूनं फिरते हे आमच्या मंडळानं एकदाही पाहिलं नव्हतं. कशाला पाहणार? फिरली की टाळ्या. ज्याला कुठं जायचंच नाही त्याला उलटं काय आणि सुलटं काय! पण मुनीरचाचा अजिबात घाबरले नाहीत. टेपरेकॉर्डरमधल्या मोटारींचं त्यांना माहीत होतं. “भाभी, ये तो कुछ बी नही. बॅटरी के तारां पलटाव, मोटर बी पलटती. बस्स.” त्यांनी जादूगारासारख्या बाह्या वर केल्या आणि बॅटरीच्या तारा या टोकाच्या त्या टोकाला केल्या. मायनं बटण दाबलं.

चाक पुन्हा तिच्यापासून दूरच पळायला लागलं.

मुनीरचाचांनी डोक्यावरची टोपी काढली. तारा पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. चाक तिकडेच. पुन्हा पलटल्या. तिकडेच! साळवे सर जमिनीवर बसले. “अशक्य,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला. मग जे सुरू झालं ते काय सांगू! “पलटाव!” “तिकडंच!” “मंगे, तू पलटव!” “तिकडंच!” तीन बाप्ये आणि एक कार्टी, लहान मुलांनी विहिरीत ओरडून प्रतिध्वनी ऐकावा तसे आम्ही पुन्हा पुन्हा तारा पलटत होतो आणि मोटार पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत होती. इतकं अद्भुत आम्ही काही पाहिलंच नव्हतं. वीज उलटी गेली तरी हिला फरक पडत नाही! आप्पा तर मांडी थोपटत होते.

माझ्या दारात आज विजेवरची स्कूटर उभी असते. तिला मागं जायचं बटण आहे. दाबलं की निमूट मागं जाते. शेजारच्या लेकरांना त्याचं काही वाटत नाही. मी मात्र अजून प्रत्येक वेळी क्षणभर थांबून मनातल्या मनात टोपी काढते.

त्या दिवशी मात्र मोटारीचा आवाज थांबला तेव्हा लक्षात आलं की मायनं बटणावरचा पाय उचलला आहे. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. माझी माय शिडीवरून पडली तेव्हा रडली नव्हती. आप्पांच्या हातातली तार गळून पडली.

“तुमचं चालू द्या,” ती भिंतीला म्हणाली. “तुमची जत्रा झाली की मशीन बांधून ठेवा. सुंदराबाई येईल.”

“अगं, न्हाई... आम्ही शोधतोच हाव...”

“काय शोधायलेत? खेळायलेत तुमी!” आणि ती वळली. हाताशी शिवायला घेतलेलं माझं पोलकं होतं, ते तिनं आप्पांच्या अंगावर फेकलं. “घ्या! उलटं करा ते!”

आप्पांनी घाबरून पोलकं उलटं केलं.

“आता परत उलटं करा! काय झालं?”

“सुलटं झालं.”

“मग! दोनदा उलटं केलं तर सुलटंच होनार की! त्यात टाळ्या काय वाजवायलेत?”

ती समजावून सांगत होती की नुसती शिव्या देत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढं कधी विचारलं तर म्हणायची, “मला राग आल्ता, एवढंच आठवतंय.” पण साळवे सर ते पोलकं हातात घेऊन, एखादं हस्तलिखित बघावं तसे बघत उभे राहिले. “दोनदा,” ते पुटपुटले. “आप्पा, तारा पलटल्या की बाहेरचं चुंबकही उलटतं आणि आतलं वेटोळंही उलटतं. दोन्ही उलटतात! म्हणून ढकलायची दिशा तीच राहते. पहिल्या मोटारींत बाहेरचं चुंबक आयतं होतं, ते उलटत नव्हतं.” ते धपकन मोटारीपाशी बसले. “दोन्ही नको. एकच उलटायचं.”

या खेपेला कुणी ओरडलं नाही. बॅटरीला आप्पांनी हातच लावला नाही. मोटारीच्या आत जाणाऱ्या दोन तारा, कोळशाच्या काड्यांवरच्या, तेवढ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून पिळून बसवल्या. मग ते बाजूला न बघता मायला म्हणाले, “दाब.”

चाक थरारलं आणि वरून तिच्याकडे आलं. शांतपणे, भरल्या पोटाच्या गाईसारखं तिच्याकडे येतच राहिलं. मायनं पोलकं ओढून घेतलं, सुईखाली सरकवलं, आणि बघता बघता खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ, एकसारखी टीप पडली. तिनं ती उजेडात धरून पाहिली. नखानं ओढून पाहिली. मग आमच्याकडे कुणाकडेही न बघता तिनं दुसरी बाजू शिवायला घेतली. खटखटखट, आणि त्याखाली ती जड गुणगुण. कामाचा आणि बिनकामाचा आवाज पहिल्यांदा एकाच वेळी, एकाच जागेवरून येत होता. मुनीरचाचा भिंतीला टेकून म्हणाले, “सुभानल्ला,” आणि टोपी परत घालायची विसरून तसेच घरी गेले.

सुंदरआत्या आठव्या माळेला आली. बरोबर पोती आणि सुंभाची दोरी. ओसरीवर पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. माय शिवत होती, पायडल हलत नव्हतं, आणि मांजर मोटारीला पाठ लावून झोपलेली होती.

“अगं बया! ह्ये कोन चालवायलंय?”

“या सुंदराबाई,” माय म्हणाली. “बसा. सुलीचं माप आनलंय का?”

आत्या खाली बसली. तिनं मोटारीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, खाली वाकून कुणी लपलं आहे का तेही पाहिलं. मग मायच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला जे दिसायचं ते दिसलं असावं, कारण तिनं दोरी गुंडाळून पोत्यात कोंबली. “वयनी, मशीन नेऊन बी सुलीला शिकवनार कोन? मला तर सुईत दोरा घालता येत न्हाई. दिवाळी झाली की तिलाच हितं धाडते. चालंल का?”

“धाडा की,” माय म्हणाली, आणि हे ‘हो’ आप्पांच्या ‘बघू’सारखं नव्हतं, मनापासूनचं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वर जत्रेची तयारी जोरात होती. फळीवर जुन्या मोटारी रांगेत मांडल्या होत्या आणि मध्ये नवीच्या मानाची जागा मोकळी ठेवली होती. मोठीला वर आणायला आप्पांनी मला खाली पाठवलं. माय पाटासमोर पाय लांब करून बसली होती. कात्री, टेप, मशीन, सगळ्यांना कुंकू लागलेलं. मी पट्टा सोडवायला हात घातला.

“हात लावू नको.”

तिनं करंड्यात बोट बुडवलं. सरकत सरकत मोटारीपर्यंत गेली आणि त्या बोअरच्या पाइपाच्या गंजक्या पाठीवर हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं एक फूल ठेवलं. हात जोडले. मग मला म्हणाली, “वर जाऊन सांग त्यांना. आज तिला सुट्टी हाय.”

मी वर जाऊन सांगितलं. आप्पा शिडी उतरून खाली गेले, ओसरीच्या पायरीवर उभं राहून लांबूनच त्यांनी ते कुंकू पाहिलं आणि तसेच वर आले. येऊन फळीजवळ बसले. मुनीरचाचांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली आणि कोळशाची धूळ गेली म्हणून सांगितलं. त्या सकाळी अख्खं सेलू गप्प होतं. जिनिंग गप्प, गिरणी गप्प, करवती गप्प, आणि आमचं माळवदही गप्प. रांगेतल्या बिनकामाच्या मोटारी समोर होत्या, पण तारा लावायला कुणाचाच हात उठेना.

मग खालून मायचा आवाज आला.

“काय हो मंगीचे आप्पा! झोपलेत का समदे? आज आवाज कामून न्हाई?”

“न्हाई... म्हनलं आज...”

“मोठीला सुट्टी दिलीय मी. बाकीच्यांनी काय केलंय? फिरवा की!”

आप्पांनी पहिली तार लावली. सायकलच्या आऱ्याची ती जुनी मोटार अंग झाडून उठली आणि गुणगुणायला लागली. मग दुसरी. मग सरांची हट्टी. एकेक करत सगळ्या गायला लागल्या. मी माळवदाच्या कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं. माय अंगणात खाटेवर येऊन बसली होती, मोडका पाय उशीवर ठेवून, तोंड वर करून, आणि ऐकत होती.